सनईवाल्याचं नाक

मांडवाच्या दारात बसलेल्या माणसाकडे लग्नात कुणी बघत नाही. नवरा बघतात, नवरी बघतात, आमटीला तर्री किती आली ते बघतात. पण ज्याच्या सुरावर सगळा मांडव उभा असतो, तो गाल फुगवून, डोळे मिटून एका कडेला बसलेला असतो आणि माणसं त्याच्या अंगावरून येत-जात असतात. आटपाडीकडच्या कृष्णात सनईवाल्यानं असं दारात बसून उभा जन्म काढला. त्याची तक्रार नव्हती. उलट तो म्हणायचा, "नवरदेव बदलतोय, नवरी बदलतीया. दारातला माणूस त्योच ऱ्हातोय. मग मांडवाचा मालक कोण?"

पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. त्याचा सूर तुटत नसे. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि सनई ओठाला लागली, की हार घालून, पाया पडून, फोटोवाल्याचं समाधान होईपर्यंत एकच धार. मध्ये जोड नाही, भेग नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला छाती नाहीच, आत कुठंतरी जिवंत झरा आहे.

त्या झऱ्याचं गुपित असं. कृष्णात लहान असताना त्याच्या वडलांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून त्याच्या हातात दिला, पाण्यानं भरलेला तांब्या पुढं ठेवला आणि सांगितलं, "फुक. बुडबुडा थांबला की पाठीत बसंल." पोरानं फुंकलं, छाती रिकामी झाली, बुडबुडे थांबले, पाठीत बसली. असे महिने गेले. मग एक दिवस गालातली हवा बाहेर ढकलता ढकलता नाकानं नवी हवा आत ओढायची ती युक्ती अंगात उतरली आणि तांब्यातले बुडबुडे थांबेनात. वडील एवढंच म्हणाले, "तोंड द्यायला, नाक घ्यायला. जिता हाईस तवर इसरू नको." कृष्णात विसरला नाही. पुढं झोपेतसुद्धा त्याच्या तोंडानं कधी श्वास आत घेतला नाही.

आणि साठी उलटल्यावर हेच गुणी नाक त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या मध्ये आलं.

बायको मंगल, कृष्णाकाठची, भिलवडीकडची. लहानपणी घाटावरून सूर मारायची आणि पलीकडच्या काठाला जाऊन काकड्या चोरून आणायची. लग्न होऊन आली ती अशा गावात, जिथं टँकर आला की पाहुण्यासारखं त्याचं स्वागत व्हायचं. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या, विहिरी भरल्या. पण मंगलचं पोहणं माहेरी राहिलं ते राहिलंच.

त्या वर्षी गौरी-गणपतीला त्यांची लेक समीक्षा आली. ती मिरजेत एका दवाखान्यात नर्स. तिनं आईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बाया पाण्यावर पालथ्या पडल्या आहेत, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि खाली निळ्या पाण्यात पिवळे मासे.

"ह्ये काय गं? सलाइन लावलंया व्हय ह्यास्नी?"

"स्नॉर्कलिंग म्हणत्यात, आई. आमी वॉर्डातल्या सगळ्या गेलो हुतो मालवणला. ह्या चष्म्यात नाकबी झाकतंय. श्वास तोंडानं, ह्या नळीतनं. नळीचं टोक पाण्याच्या वर. नुसतं पडून ऱ्हायाचं आन बघायचं."

मंगलनं व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. मग पुन्हा. मग गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नाही. शेवटी म्हणाली, "मला जायचंय हितं."

कृष्णात ओसरीवर सुपारी कातरत होता. सवयीनं म्हणाला, "जावा की मग दोघी मायलेकी."

मंगलनं मोबाइल खाली ठेवला. "दोघी मायलेकीच जातोय की आमी सगळीकडं."

एवढंच. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. पण नाटकात कसं, एखादं हळू बोललेलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जातं, तसं ते वाक्य ओसरीवर आलं आणि कृष्णातचा अडकित्ता थांबला. कारण त्या वाक्याच्या मागं समीक्षाचं लग्न उभं होतं.

लेकीच्या लग्नात दुसरा सनईवाला बोलावू या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. कृष्णातला ते पटलं नाही. माझ्या लेकीच्या मांडवात परक्याचा सूर? तो स्वतःच दारात बसला. कन्यादानाची वेळ आली, भटजींनी हाक मारली, तर हा डोळे मिटून वाजवतोय. उठलो तर सूर तुटेल! भावकीत कुजबुज झाली, मुहूर्त निघून चालला, आणि थोरला भाऊ आणि भावजय पाटावर बसले. कन्यादान त्यांनी केलं. कन्यादानाला जोडपं लागतं. एकटी आई चालत नाही. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं ती मंगल नवी पैठणी नेसून खांबाला टेकून बघत राहिली. पाहुण्यांनी सुराची मात्र लय तारीफ केली.

कृष्णातनं कातरलेली सुपारी डब्यात टाकली. "मी येतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"समुद्राला."

"किनाऱ्यावर बसाया?"

"पाण्यात. तुज्या शेजारी."

मायलेकी एकमेकींकडं बघून फस्सकन हसल्या. मंगल म्हणाली, "आवं, तुमाला तांब्यातलं पाणी म्हायती. तितं समुद्र हाय."

"आप्पा," समीक्षा म्हणाली, "शिकवत्यात तितं थोडं. पण जो घाबरतोय त्याला वर बोटीतच बसवून ठेवत्यात बरं का. मागनं म्हणू नगासा."

कृष्णातनं मान हलवली. बोटीत बसणं म्हणजे पुन्हा दारातच बसणं. ते आता नको होतं.

पितृपंधरवडा म्हणजे वाजंत्र्यांची सुट्टी. त्या दिवसांत कोण लग्न लावणार! कृष्णात मिरजेला गेला, समीक्षानं मागवून ठेवलेला चष्मा आणि नळी घेतली. तिथल्या सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत त्याची ओळख होती. एका कारागिरानं त्याला वाळलेला मोठा भोपळा दिला, एका अंगानं बसका. तंबोऱ्याला नापास झालेला, पण तरंगायला पास. तो भोपळा पोटाशी धरून कृष्णात एस्टीनं विटा, विट्याहून कऱ्हाड असा सुभेदाराकडं पोचला.

सुभेदार धैर्यशील फौजेत पाण्यावर पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. आता कऱ्हाडच्या अलीकडं कृष्णेकाठी ऊस करायचे आणि उन्हाळ्यात गावच्या पोरांना आपल्या विहिरीत पोहायला शिकवायचे. त्यांच्या लग्नात सनई कृष्णातचीच होती. भोपळा बघून ते कमरेवर हात ठेवून हसले.

"आरं गड्या, ह्ये काय आनलंस? विहीर उपसायची हाय का भाजी करायची हाय?"

"पाठीला बांधायचाय. लहानपणी पोरं बांधायची न्हवं?"

"बांधू. पण बुडणं-तरंगणं सोपं असतंय रं. पाणी तुला वर फेकतंच. अडचन आसती ती टकुऱ्यात."

त्यांना काय ठाऊक, अडचण टकुऱ्यात नव्हती. त्याच्या जरा खाली, नाकात होती.

पावसाळ्यानंतरची विहीर, वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. पाणी हिरवं, गार. कृष्णात पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, पाठीला भोपळा, डोळ्यांना काच, तोंडात नळी अशा अवतारात पायरी उतरला. सुभेदारांनी पोटाखाली हात दिला आणि आरोळी ठोकली, "मुंडी नीचे!"

कृष्णातनं तोंड पाण्यात घातलं. तोंडात नळी आली म्हणजे काय करायचं, हे त्या तोंडाला पन्नास वर्षं ठाऊक होतं. गाल फुगले. नळीतून हवा भसाभसा बाहेर जाऊ लागली आणि नेहमीच्या इमानानं नाक आत ओढू लागलं. पण नाक काचेत कोंडलेलं. तिथली चिमूटभर हवा संपली, चष्मा जळवेसारखा तोंडाला चिकटला, डोळे बाहेर येतील असं वाटलं, आणि कृष्णात असा उसळला की भोपळा सुभेदारांच्या हनुवटीवर बसला.

"आरं, फुकतोस काय? नळी हाय ती, सनई न्हवं! आत वड! तोंडानं आत वड!"

"वडतोय की."

"नाकानं वडतोयस! ह्यो बघ, तोंडावर कडं उमटलंया."

पुन्हा घातलं. पुन्हा तेच. सुभेदारांनी दरडावलं, समजावलं, फौजी हिंदीत चार शब्द ऐकवले. नळीतून एक लांबलचक पोंऽऽ असा आवाज निघाला, बांधावरचे बगळे उडाले, आणि सुभेदार पायरीवर बसून पोट धरून हसायला लागले. "हवालदार असतास तर बँडात भरती केला आसता तुला!"

कृष्णातलाही हसू आलं, पण परतीच्या एस्टीत ते राहिलं नाही. गालावर चष्म्याचं लाल कडं घेऊन तो खिडकीशी बसला होता. पोहायला न येणं वेगळं. श्वास घेता न येणं, हे काय भलतंच? तान्ह्या पोराला येतं ते.

घरी आल्यावर त्यानं तालीम सुरू केली. कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला लावायचा आणि तसंच काम करायचं. शेळ्यांना पाला घालताना चिमटा, चहा पिताना चिमटा. शेजारची राहीबाई कुंपणाशी थबकली.

"आवं भावजी, नाकाला काय झालं?"

"काय न्हाई. वाळत घाटलंय."

मंगल आत हसून हसून भिंतीला टेकली. पण दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन जुना रुतणारा चिमटा बदलून मऊ प्लॅस्टिकचा आणून दिला. रात्री जेवताना त्याच्याकडं बघून म्हणायची, "ओढा. सोडा. पुन्हा ओढा." जणू बाळंतिणीला सुईण सांगते आहे. आणि हळूहळू त्या तोंडाला घ्यायचं कसं ते कळू लागलं. दर शनिवारी आणि बुधवारी सुभेदारांच्या विहिरीवर वारी. भोपळा सुटला. घटस्थापनेच्या आधी एक दिवस कृष्णात पालथा पडला आणि पडूनच राहिला. काचेतून त्याला विहिरीच्या भिंतीतले दगड दिसले, दगडांच्या फटीतली खेकड्याची नांगी दिसली, आणि नळीतून श्वास येत होता, जात होता. सुभेदार वरून ओरडले, "जिता हाईस का रं?" त्यानं पाण्यातूनच हात वर केला.

आता सगळं सरळ होतं, असं वाटलं ना? तसंच कृष्णातलाही वाटलं. तो चिमटा खिशात घालून शीळ घालत घरी आला.

घटस्थापनेला पहाटे गावच्या बिरोबाच्या देवळात सनईचा मान त्याचा. संबळावर त्याचा पुतण्या तानाजी. गाभाऱ्यातले दिवे, धनगरांची घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी माणसं, बाया एका अंगाला. कृष्णातनं डोळे मिटले आणि सूर धरला. धार चालू झाली. चढली. आणि वर जाऊन थांबायच्या जागी, जिथं नाकानं गुपचूप आपलं काम करायचं, तिथं त्याचं तोंड उघडलं. ओठ सनईवरून सुटले. तोंडानं श्वास घेतला.

सूर तुटला.

पापणी लवेल एवढाच वेळ. तानाजीचा हात संबळावर अडखळला, त्यानं चुलत्याकडं बघितलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. देवावर भंडारा पडला, चांगभलं झालं. पण कृष्णातच्या पायांखालची फरशी सरकली होती. रंगभूमीवर पन्नास वर्षं काढलेल्या नटाला आपल्या पाठ नाटकात शब्द आठवू नये, तसं त्याचं तोंड पांढरं पडलं. वडलांनी पाठीत रट्टे घालून जे दिलं, ते त्यानं चिमटा लावून घालवलं होतं.

घरी येऊन त्यानं चष्मा आणि नळी पोत्यात घातली आणि पोतं माळ्यावर फेकलं. बुधवार आला. तो कऱ्हाडला गेला नाही. तोंडाला सनई लावून परसात बसला. पण भीतीनं एकदा आत शिरकाव केला की ती जागा सोडत नाही. त्याच जागी तोंड उघडायचं.

मंगल शेणानं सारवून, हात धुऊन त्याच्यासमोर येऊन बसली. "दिवाळीनंतर मालवणला मी समीक्षाबरोबर जाईन," ती म्हणाली. "तुमी ऱ्हावा. सनई जपा."

"रागानं बोलतीस?"

"न्हाई वो. खरंच." तिनं पदरानं हात पुसले. "पण एक सांगू का? परवा देवळात सूर तुटला, ते मला कळलं."

कृष्णातनं मान खाली घातली. "लय वंगाळ वाटलं असंल."

"वंगाळ?" मंगल म्हणाली. "आवं, इतकी वर्सं तुमची सनई ऐकतीया. सगळी म्हणायची काय दमसास हाय, काय दमसास हाय. मला आपली धाप लागायची. वाटायचं, ह्यो माणूस श्वास कवा घेतोय? कुणासाठी थांबतोय का न्हाई? परवा तुमी थांबलासा. तवा वाटलं, हां, माणूसच हाय. माझाच हाय."

परसातल्या शेवग्यावर कावळा ओरडत होता. कृष्णातनं सनई मांडीवर ठेवली.

"तुला कन्यादानाला बसाया मिळालं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई मिळालं."

"त्या बारीलाबी सूर तुटंल म्हनूनच उठलो न्हवतो."

मंगल उठली, लुगड्याच्या ओच्यात शेंगा घेऊन सोलायला लागली.

पुढच्या बुधवारी कृष्णात कऱ्हाडच्या एस्टीत होता. सनईनं काय केलं, तेही सांगायला हवं. ती काही रुसून गेली नाही. पण पूर्वीची ती सलग धार पूर्ण परत आली नाही. तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडला, तेव्हा मांडवात कधीमधी सूर एका ठिकाणी थांबायचा, श्वास घेऊन पुढं जायचा. तानाजी म्हणाला, "काका, वय झालं आता." कृष्णात म्हणाला, "व्हय रं, झालं." आणि मार्गशीर्षातल्या एका मोठ्या लग्नात वाजवायची सुपारी त्यानं स्वतःच्या हातानं तानाजीला दिली, कारण त्याच दिवसांसाठी समीक्षानं मालवणला खोली ठरवली होती.

मालवणला बोट किल्ल्याच्या पलीकडं जाऊन थांबली. समुद्र हलत होता, बोट हलत होती. मंगलनं समीक्षाचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्यावरून पदर घ्यायला तिचा हात सारखा जात होता. दोघांनी जॅकेटं चढवली, चष्मे लावले. एवढ्यात बोटीवरचा गाईड पुढं झाला.

"काकानू, एका टायमाक एकच माणूस. आधी काकी, मग तुम्ही. तवसर बसा थंयसर." आणि त्यानं बोटीच्या टोकाकडची फळी दाखवली.

कृष्णात त्या फळीकडं बघत राहिला. आयुष्यात त्यानं कुठल्या यजमानाशी वाद घातला नव्हता. बसा म्हटलं तिथं बसला होता.

"दोघं एकदम," तो म्हणाला.

"तसा जमाचा नाय. माझे हात दोनच आसत. तुमका धरू की त्यांका?"

"तिला धरायची गरज न्हाई, ती नदीची हाय. आन मला धरू नगा."

"सगळे असाच म्हणतत काका. पाण्यात गेले की 'आई गे' करून आवशीक हाक मारतत."

"मग बगा." कृष्णात शिडीवरून उतरला. समीक्षा "आप्पा, आप्पा" करत राहिली. पाणी खारट होतं, विहिरीसारखं शांत नव्हतं. एक लाट आली आणि तिनं त्याला बोटीवर आपटलं. त्यानं नळी दातांत धरली, तोंड खाली घातलं आणि पालथा पडला. बोटीवरचे सगळे काठाशी वाकले. नळीतून तेवढा आवाज येत होता. आत. बाहेर. आत. बाहेर. दुसरी लाट नळीच्या वरून गेली. कृष्णातला ठसका लागला, तो वर आला, खोकला, डोळे लाल झाले. गाईडनं हात पुढं केला. कृष्णातनं तो हात बाजूला सारला, नळीतलं पाणी फुंकून उडवलं. फुंकायचं तर त्याला कुणी शिकवायला नको होतं. पुन्हा तोंड खाली. आत. बाहेर.

गाईड मंगलकडं वळला. "काकी, ह्यांका जुनी सवय आसा की काय?"

"न्हाई," मंगल म्हणाली. "शिकलेत. आत्ता आत्ता."

आणि तिनं शिडीला हातसुद्धा न लावता बोटीच्या काठावरून पाण्यात उडी घेतली.

पाण्याखाली कसलाच गलबला नव्हता. खडकांवर पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे, काळ्या काट्यांचे गोळे, आणि एक निळा मासा असा, की समोरून निळा आणि वळला की जांभळा. मंगल भराभर पुढं गेली असती. नदीची सवय, हातपाय आपोआप चालत होते. पण ती वळून मागं आली आणि कृष्णातच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्या चालीनं, सावकाश तरंगत राहिली. ती बोटानं एकेक मासा दाखवायची. तो मान हलवायचा. तिचा अंबाडा सुटला होता आणि पिकलेले केस पाण्यात तिच्या तोंडाभोवती पसरले होते, आणि काचेआडून तिचे डोळे एवढे मोठे दिसत होते की कृष्णातला मासा कुठला आणि खडक कुठला याचा पत्ताच लागला नाही. तो तिच्याकडंच बघत होता. तिनं कोपरानं ढोसलं, खाली बघा, खाली. त्यानं खाली बघितलं. मग पुन्हा तिच्याकडं.

बोटीवर दुसऱ्या गिऱ्हाइकांची पाळी आली होती. गाईडनं शिट्टी मारली. समीक्षा हाका मारत होती, आई, आप्पा, पुरे आता, या वर. पण दोघांचे कान पाण्यात होते.